नॉरफोकचे ड्यूक: पदवी गेली, आली, परत गेली, परत आली

घाटमाथा:

मंडळी, बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज बाहेर धो धो पाऊस आणि सुट्टी, त्यामुळे मुहूर्त लागला. लांबलंय, चहा घेऊन बसा.

मागे आईबाबा इकडे आले होते. बाबा तलाठी म्हणून रिटायर झाले, त्यामुळे लंडन आय वगैरेत त्यांना काडीचा रस नाही, पण कुठलीही जुनी वास्तू दिसली की पहिला प्रश्न ठरलेला, "हे नावावर कोणाच्या आहे?" म्हणून त्यांना मुद्दाम अरुंडेलला नेलं. व्हिक्टोरियाहून ट्रेनने दीडेक तास, ससेक्समधलं छोटंसं गाव आणि त्याच्या डोक्यावर ठाण मांडून बसलेला किल्ला. मालक ड्यूक ऑफ नॉरफोक (ड्यूक म्हणजे सरदारांतली सगळ्यात वरची पदवी), म्हणजे हॉवर्ड घराणं, इंग्लंडच्या ड्यूक मंडळींत मानाने पहिले. आता नॉरफोक परगणा पार पूर्वेला आणि हे राहतात दक्षिणेला. बाबा म्हणाले, म्हणजे आडनाव नागपूरकर आणि बिऱ्हाड साताऱ्यात.

खरी गंमत गावातल्या चर्चमध्ये. सेंट निकोलस चर्च, साधं गावचं अँग्लिकन (म्हणजे इंग्लंडच्या प्रॉटेस्टंट पंथाचं) चर्च, आत गेलो तर वेदीच्या मागे भिंत नाही, लोखंडी जाळी आणि काच. काचेपलीकडे त्याच इमारतीचा उरलेला भाग, तिथे दगडी थडगीच थडगी. पण तो भाग कॅथलिक आणि खाजगी मालकीचा, ड्यूकच्या घराण्याचा. जायचं तर बाहेर पडून, तिकीट काढून, किल्ल्याच्या बागेतून वळसा घालून. एका इमारतीत दोन पंथ आणि दोन मालक! बाबांचे डोळे चमकले. इंग्लंडमधला हा पहिला दिवस जेव्हा त्यांना घरच्यासारखं वाटलं असावं.

आणि खरंच बांधावरून भांडण झालेलं आहे. पंधराव्या ड्यूकने 1870 च्या दशकात मध्ये विटांची भिंत घातली, चर्चच्या व्हिकरने (धर्मगुरूने) त्यातल्या विटा काढायला लावल्या, 1879 मध्ये कोर्टात खटला उभा राहिला. निकाल ड्यूकच्या बाजूने. कारण काय, तर आठव्या हेन्रीने मठ खालसा केले तेव्हा 1544 मध्ये त्या वेळच्या अर्ल ऑफ अरुंडेलने (अर्ल म्हणजे ड्यूकच्या खालची सरदारी पदवी) हा भाग राजाकडून रोख पैसे देऊन विकत घेतला होता. म्हणजे सव्वातीनशे वर्षांपूर्वीचं खरेदीखत कामाला आलं. बाबा दिवसभर हेच सांगत होते आईला, बघ, कागद जपून ठेवावा.

आत जॉन फिट्झअ‍ॅलन नावाच्या अर्लचं थडगं आहे, दुमजली. वरच्या मजल्यावर चिलखत घातलेला रुबाबदार पुतळा, खालच्या मजल्यावर त्याच माणसाचं प्रेत, बरगड्या वर आलेल्या, पोट खपाटीला गेलेलं, सगळं दगडात कोरलेलं. हा 1435 मध्ये फ्रान्समध्ये लढताना पायाला तोफेचा गोळा लागून मेला. प्रेत तिकडेच राहिलं असं लोक धरून चालले होते, पण 1857 मध्ये थडगं उघडलं तर आत सहा फुटांहून उंच सांगाडा, एक पाय नसलेला. आई तिथून जी बाहेर गेली ती परत आली नाही.

या जॉनचं महत्त्व पदवीच्या दृष्टीने फार आहे. त्याच्या वडिलांच्या चुलतघरात 1415 मध्ये अर्ल निपुत्रिक वारला, बाकी इस्टेट बहिणींना गेली, पण किल्ला पुरुष वारसाला ठेवलेला होता म्हणून तो या शाखेकडे आला. यांचं म्हणणं, किल्ला ज्याच्याकडे तो अर्ल. तिकडे त्या बहिणींपैकी एक मोब्रे घराण्यात, म्हणजे तेव्हाच्या ड्यूक ऑफ नॉरफोकला दिलेली, त्यामुळे मोब्रे म्हणाले असं कसं. शेवटी 1433 मध्ये जॉनचं म्हणणं मान्य झालं. पुढे 1627 मध्ये तर पार्लमेंटने कायदाच करून किल्ला आणि अर्लची पदवी एकमेकांना बांधून टाकली.

आता ड्यूकची पदवी. मोब्रेंचा पुरुष वंश 1476 मध्ये संपला, मागे फक्त अ‍ॅन नावाची लहान मुलगी. चौथ्या एडवर्ड राजाने 1478 मध्ये तिचं आपल्या धाकट्या मुलाशी लग्न लावलं, नवरी पाच वर्षांची, नवरदेव चार. 1481 मध्ये ती वारली. खरं तर इस्टेटीत आता जॉन हॉवर्डला (आई मोब्रेंची लेक) वाटा यायला हवा, पण राजाने पार्लमेंटकडून ठराव करून घेतला की बायको मेली तरी सगळं माझ्या मुलाकडेच राहील. मग एडवर्ड मेला, तिसरा रिचर्ड गादीवर बसला, तो छोटा नवरदेव आणि त्याचा भाऊ टॉवर ऑफ लंडनमध्ये गेले ते पुन्हा कोणाला दिसले नाहीत, आणि 28 जून 1483 ला जॉन हॉवर्ड झाला ड्यूक ऑफ नॉरफोक. कोणी काय केलं यावर लोक पाचशे वर्षं भांडतायत, मी त्यात पडत नाही.

दोनच वर्षांत बॉसवर्थच्या लढाईत रिचर्ड पडला, बरोबर जॉन हॉवर्डही पडला. ड्यूकपद गेलं. पोरगा थॉमस टॉवरमध्ये तीनेक वर्षं कैदेत. सुटल्यावर त्याने नव्या राजाची इमाने इतबारे चाकरी केली आणि 1513 मध्ये, वय सत्तर, फ्लॉडनला स्कॉटलंडचा राजा चौथा जेम्स याला लढाईत मारलं. 1514 मध्ये ड्यूकपद परत. शिवाय घराण्याच्या चिन्हावर एक नवीन चित्र मिळालं, अर्धा कापलेला स्कॉटिश सिंह आणि त्याच्या तोंडातून आरपार बाण. आजही आहे.

त्याचा मुलगा तिसरा ड्यूक. याच्या दोन भाच्यापुतण्या आठव्या हेन्रीच्या राण्या झाल्या, अ‍ॅन बोलीन आणि कॅथरीन हॉवर्ड, दोघींची मुंडकी उडाली, आणि अ‍ॅनच्या खटल्यात अध्यक्ष कोण तर हाच मामा. 1547 च्या जानेवारीत त्याचा मुलगा, कवी अर्ल ऑफ सरे, याचा शिरच्छेद झाला, मुख्य आरोप काय तर ढालीवर राजघराण्याची चिन्हं लावली. बापाची पाळी 28 जानेवारीला होती. त्याच पहाटे हेन्री राजा मेला! म्हातारा वाचला, सहा वर्षं टॉवरमध्ये काढली, 1553 ला मेरी राणी आली, तिने सोडलं, पदवी परत. चौथा ड्यूक त्याचा नातू, स्कॉटलंडच्या मेरी राणीशी लग्न करायच्या भानगडीत पडला, 1572 ला त्याचंही मुंडकं उडालं. पदवी परत गेली, ती थेट 1660 ला आली.

बाबांनी बोटं मोजली. 1483 ला आली, 1485 ला गेली, 1514 ला आली, 1547 ला गेली, 1553 ला आली, 1572 ला गेली, 1660 ला आली. म्हणाले, "इतके फेरफार झाले तर आमच्याकडे चौकशी लागली असती."

तर माझा प्रश्न हा की पदवी नक्की कशाला चिकटलेली असते? माणसाला, रक्ताला, की किल्ल्याला?

---

अर्धवट_वाचक:

मस्त लिहिलंय, तुमच्या बाबांना साष्टांग. एक शंका, मुंडकं उडवलं हे समजलं, पण पदवी "जाते" म्हणजे काय होतं? मुलाला का मिळत नाही, त्याने काय केलं?

---

मोडीवेडा:

त्याला अटेंडर म्हणतात. राजद्रोह सिद्ध झाला की त्यांच्या कायद्याच्या भाषेत रक्तच नासतं. नासलेल्या रक्तातून वारसा पुढे वाहत नाही, मुलगा कितीही सज्जन असो. परत हवं असेल तर पार्लमेंटने कायदा करून ते नासलेपण काढायचं. आपल्याकडे वतन जप्त व्हायचं आणि मग वतनदार हेलपाटे घालून, नजराणा भरून, नवीन सनद आणायचा, त्याच चालीचं समजा. फरक एवढा की आपल्याकडे जप्ती जमिनीवर यायची आणि इथे रक्तावर.

घाटमाथा, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर: पदवी कागदाला चिकटलेली असते. आपल्या इनामाच्या सनदांत "पुत्रपौत्रादि वंशपरंपरेने" असं लिहिलेलं असतं ना, तसं ड्यूकच्या सनदेत पोटच्या पुरुष वारसांना असं लिहिलेलं आहे, म्हणून मुलींचा प्रश्नच येत नाही. पण त्याच घराण्यात जुन्या बॅरनच्या (लॉर्डांतली सगळ्यात खालची पायरी) पदव्या अशा आहेत ज्यांना सनदच नाही, राजाने शेकडो वर्षांपूर्वी पार्लमेंटला बोलावणं धाडलं आणि पूर्वज जाऊन बसला, तोच पुरावा. त्या मुलींकडेही जातात. मुलगी एकच असेल तर सरळ तिला. दोन असल्या तर इंग्रजी कायद्यात थोरली धाकटी नसते, दोघी समान, आणि पदवीचे तुकडे करता येत नाहीत, म्हणून ती अधांतरी लटकत राहते, राजा एकीच्या वंशजाला देईपर्यंत. नववा ड्यूक 1777 मध्ये निपुत्रिक गेला तेव्हा ड्यूकपद लांबच्या भाऊबंदाकडे गेलं आणि मोब्रे अन् सेग्रेव्ह या दोन पदव्या त्याच्या भावाच्या दोन मुलींमध्ये लटकल्या. किती वर्षं? 101. 1878 मध्ये एका पुतणीच्या वंशातल्या लॉर्ड स्टोर्टनला मिळाल्या.

---

शंकासुर:

101 वर्षं 😂 आमच्या वाड्याचा दावा यापुढे काहीच नाही म्हणायचा.

---

बर्मिंगहॅमची_सून:

ती पाच वर्षांची नवरी, अ‍ॅन मोब्रे, तिची पुढची गोष्ट सांगते. डिसेंबर 1964 मध्ये पूर्व लंडनमध्ये बांधकामासाठी खोदताना कामगारांना शिशाची छोटी शवपेटी सापडली, वर नाव होतं. आत ती. केस अजून शाबूत होते, तांबूस. 1965 मध्ये तिला परत वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत पुरलं. ड्यूक, राजे, पार्लमेंट सगळे जिच्या नावावरच्या जमिनीसाठी धडपडत होते ती नऊ वर्षांची पण पुरी झाली नव्हती, एवढीशी पोर.

---

साताऱ्याचा_कंदी:

लेख झकास पण माझं डोकं वेगळ्याच गोष्टीने फिरलंय. या लोकांत दत्तक चालतो का? चुलत्याचा पणतू शोधून काढतात, शंभर वर्षं पदवी टांगून ठेवतात, पण दत्तक घेत नाहीत का कोणी?

---

मोडीवेडा:

नाही चालत. दत्तक मुलाला लॉर्डची पदवी मिळत नाही, आजही नाही.

---

साताऱ्याचा_कंदी:

वाटलंच मला!! 1848 ला आमच्या छत्रपतींचा दत्तक नामंजूर करून सातारा खालसा केला तो डलहौसी अशाच घरातला ना. ज्यांच्या डोक्यात रक्ताशिवाय वारस ही कल्पनाच बसत नाही त्यांना आपला दत्तकविधी काय कळणार, कप्पाळ.

---

मोडीवेडा:

कंदीराव, राग समजतो, पण थोडं थांबा. डलहौसीला हिंदू दत्तक कळत नव्हता असं नाही. दत्तक मुलाला खाजगी मिळकत मिळण्याला त्यांची हरकत नव्हती, त्यांचं म्हणणं असं की सातारचं राज्य 1819 च्या तहाने कंपनीनेच दिलेलं, तेव्हा ते चालवायचं तर आमची मंजुरी हवी. म्हणजे इथेही परत कागदच. लबाडी होतीच, पण ती अडाणी लबाडी नव्हती, वकिली लबाडी होती.

आता तुम्हाला बरं वाटेल असं एक. डलहौसी मुळात स्कॉटिश अर्ल, 1849 मध्ये पंजाब घेतल्याबद्दल त्याला मार्क्विस (अर्लच्या वरची पायरी) केलं, सनद अर्थात पोटच्या पुरुष वारसांना. 1860 मध्ये तो वारला, मागे दोन मुली. मार्क्विसपद तिथेच बुडालं. जुनं अर्लपद गेलं चुलतभावाकडे.

---

साताऱ्याचा_कंदी:

काय सांगता! मुलगा नाही म्हणून खालसा! पेढे घ्या सगळ्यांनी.

---

शंकासुर:

1660 ला पदवी परत आली ती कोणाला? लेखात घाईत गुंडाळलंय.

---

घाटमाथा:

हो, तिथे हात दुखायला लागले होते. 1660 ला ज्याला मिळाली तो पाचवा ड्यूक थॉमस, आणि तो इंग्लंडमध्ये नव्हताच. वेड लागलेलं म्हणून इटलीत पादुआला ठेवलेला होता. सतरा वर्षं तो ड्यूक होता, इंग्लंडला कधी आला नाही, 1677 मध्ये तिकडेच वारला. धावपळ सगळी धाकट्या भावाची, हेन्रीची, त्याला ठाऊक होतं की थोरल्याला मूलबाळ नाही, त्याच्यामागे आपणच. तोच सहावा ड्यूक. अर्ल मार्शलचं पद वंशपरंपरेने 1672 मध्ये पक्कं करून घेतलं ते त्यानेच. राज्याभिषेक, राजाचा अंत्यविधी यांची व्यवस्था हे त्या पदाचं काम.

मधल्या काळातला चौथ्या ड्यूकचा मुलगा फिलिप, त्याला आईकडून अरुंडेल मिळालं. आई फिट्झअ‍ॅलनांची वारस, त्यामुळे किल्ला हॉवर्डांकडे आला तो बायकोच्या बाजूने, हे विसरू नका. हा फिलिप कॅथलिक झाला, देश सोडून पळताना 1585 मध्ये पकडला गेला, दहा वर्षं टॉवरमध्ये. मुलगा त्याच्या अटकेनंतर जन्मला. मरताना बायकोमुलाला भेटू द्या म्हणाला तर निरोप आला, प्रॉटेस्टंट प्रार्थनेला ये मग भेट. नाही गेला. 1595 ला तिथेच वारला, मुलाचं तोंड न बघता. 1970 मध्ये पोपने त्याला संत केलं. अरुंडेलच्या कॅथलिक कॅथेड्रलमध्ये त्याच्या अस्थी आहेत, आम्ही बघितल्या.

---

अर्धवट_वाचक:

म्हणजे हे घराणं कॅथलिकच राहिलं? देश प्रॉटेस्टंट आणि मानाने पहिला ड्यूक कॅथलिक, आणि राज्याभिषेक पण तोच करणार?

---

घाटमाथा:

बहुतेक कॅथलिकच, अधूनमधून एखादा धर्म बदलायचा. 1678 च्या कायद्याने कॅथलिक लॉर्डांना सभागृहात बसायची बंदी आली ती 1829 पर्यंत. अकरावा ड्यूक राजकारणासाठी प्रॉटेस्टंट झाला, आंघोळीचा कंटाळा आणि दारूची आवड यासाठी प्रसिद्ध, नोकर म्हणे तो पिऊन आडवा झाला की धुऊन घ्यायचे. बंदी उठल्यावर पहिला कॅथलिक खासदार म्हणून निवडून आला तो याच घरातला, पुढे तेरावा ड्यूक झाला.

---

बर्मिंगहॅमची_सून:

अगं तेरावा ड्यूक म्हणजे करी पावडरवाला ना! 1845 मध्ये बटाट्याचं पीक गेलं, गरिबांना खायला नाही, तेव्हा या महाशयांनी सल्ला दिला की गरम पाण्यात चिमूटभर करी पावडर घालून प्या, पोटाला बरं वाटतं, भूक भागते. पेपरवाल्यांनी त्याची जी खिल्ली उडवली!

---

शंकासुर:

डाळ नाही, मीठ नाही, नुसती फोडणीच्या आधीची आमटी. धन्य.

---

टायब्रेकर:

इतके प्रतिसाद आणि क्रिकेटचं नाव नाही, निषेध! अरुंडेलचं मैदान म्हणजे किल्ल्याला लागूनच, पंधराव्या ड्यूकने 1895 ला करून घेतलेलं. परदेशी संघांचे दौरे पुष्कळदा तिथल्या मॅचने सुरू व्हायचे. सोळावा ड्यूक बर्नार्ड 1962-63 ला इंग्लंडच्या ऑस्ट्रेलिया दौऱ्याचा मॅनेजर होता. ड्यूक मॅनेजर!! त्या संघात कॉलिन काउड्री, तोच, उटीच्या बाजूला जन्मलेला. पुढे 1985 मध्ये काउड्रीने बर्नार्डच्या थोरल्या मुलीशी, लेडी अ‍ॅनशी लग्न केलं, त्याचं दुसरं लग्न. ती रेसचे घोडे तयार करायची.

---

मोडीवेडा:

टायब्रेकर, तुम्ही नकळत या धाग्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण दिलंत. बर्नार्डला चार मुली, मुलगा नाही. 1953 चा राणीचा राज्याभिषेक, 1965 चा चर्चिलचा अंत्यविधी, सगळं यानेच पार पाडलेलं. 1975 ला तो गेला. ड्यूकपद गेलं दूरच्या भाऊबंदाकडे, मेजर जनरल माइल्सकडे. पण बर्नार्डकडे आईकडून आलेली हेरिस नावाची स्कॉटिश पदवी होती, ती मुलीला चालते, आणि स्कॉटलंडात थोरली ती थोरली, लटकणं नाही. म्हणून ती मिळाली अ‍ॅनला. एकाच बापाच्या मरणाने एक पदवी इकडे, एक तिकडे. आणि काउड्रीला 1997 मध्ये लॉर्ड केलं ते फक्त हयातीपुरतं, वारसाला काही नाही. नवराबायको दोघं आपापल्या हक्काने लॉर्ड आणि लेडी, पण एकाचं खातं वंशपरंपरेचं आणि एकाचं तहहयात.

---

शंकासुर:

आता माझं शेवटचं. मुंबईचे जमशेटजी जीजीभॉय, त्यांची "सर" पण वंशपरंपरागत ना? मग ते पण लॉर्डच?

---

मोडीवेडा:

नाही, ती बॅरोनेटची पदवी, 1857 ची. नावाआधी "सर" वारसाने चालत येतं, पण लॉर्डांच्या सभागृहात जागा नाही. तिथली मजा म्हणजे 1860 च्या कायद्याने प्रत्येक वारसाला नावच जमशेटजी जीजीभॉय घ्यावं लागायचं. हिंदुस्थानातल्या माणसाला वंशपरंपरेचं लॉर्डपद एकदाच मिळालं, 1919 मध्ये बंगालच्या सत्येंद्र प्रसन्न सिन्हांना.

---

अर्धवट_वाचक:

आणि आज? आजही ड्यूक साहेब पार्लमेंटात बसतात का?

---

घाटमाथा:

1999 मध्ये वारसाहक्काने बसणारे शेकडो लॉर्ड काढले, 92 ठेवले, त्यातली दोन जागा पदामुळे, त्यातली एक अर्ल मार्शलची. उरलेल्यांनाही काढायचं विधेयक 2024 मध्ये आणलं. सध्याचे अठरावे ड्यूक एडवर्ड, 2022 चा राणीचा अंत्यविधी आणि 2023 चा राज्याभिषेक यांनीच बघितला. मधेच गाडी चालवताना फोन वापरला म्हणून कोर्टात उभे राहिले, राज्याभिषेकाची तयारी करायची आहे हो, लायसन्स राहू द्या म्हणाले, मॅजिस्ट्रेटने ऐकलं नाही, सहा महिने बंदी. बाबांना हे फार आवडलं, परतीच्या ट्रेनमध्ये तीनदा सांगायला लावलं.

त्याच ट्रेनमध्ये त्यांनी तिकिटाच्या मागे 1975 ची वंशावळ काढली. बर्नार्डचा पणजोबा आणि माइल्सचा खापरपणजोबा एकच, तो करी पावडरवाला तेरावा ड्यूक. माइल्स त्याच्या दुसऱ्या मुलाच्या शाखेतला. त्याला आई गेल्यावर 1971 ला तिची बोमाँट पदवी, 1972 ला वडिलांची हॉवर्ड ऑफ ग्लॉसॉप, आणि 1975 ला ड्यूकपद. चार वर्षांत तीन वारसनोंदी, बाबांनी तिघींना वेगवेगळे नंबर दिले. मग बर्नार्डच्या चार मुलींची नावं ओळीने लिहून त्यांच्याभोवती गोल काढला आणि म्हणाले, "94 साली आपल्याकडे कायदा बदलला तेव्हा मुलींची नावं लावायला म्हातारे भाऊ यायचेच नाहीत, मी निरोपावर निरोप धाडायचो. इथे निरोप कोणी धाडायचा?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, आई म्हणाली डबा काढा, भूक लागलीय.

---

टायब्रेकर:

धन्स! पुढच्या महिन्यात आम्ही तिकडे येतोय, किल्ला बघायला कधी जावं?

---

घाटमाथा:

साधारण एप्रिल ते ऑक्टोबर उघडा असतो, हिवाळ्यात बंद. पण तारखा बघून घ्या. किल्ल्याचं तिकीट महाग वाटलं तर चर्चमध्ये जा, तिकडे तिकीट नाही, काचेला नाक लावून थडगी दिसतात. खालच्या मजल्याचा जॉन मात्र तिथून नीट दिसत नाही.